भुयारातले पाच सूर

"आधी टोक आहे का बघ! पेनियास, हात लावू नकोस!"

रेल्वीच्या ओरडण्याने कोकोच्या झाडांवरचे पोपट भुर्रकन उडाले. आठ वर्षांचा पेनियास मात्र जागचा हलला नाही. तो मातीतून वर आलेली कसलीशी गंजकी कड निरखून पाहत होता.

"टोक नाहीये. कानही आहे याला. ताई, ही कढई आहे!"

"जपान्यांची कढई!" अपेलिस पोट धरून हसायला लागला. "घे, घे! हिच्यात तुझी अक्कल तळू!"

अपेलिस म्हणजे रेल्वीचा मावसभाऊ. तिच्याहून वर्षाने मोठा, आणि तोंडाने दहा वर्षांनी! रेल्वीला मात्र हसू आलं नाही. धाकट्या भावाची जबाबदारी आईने तिच्यावर टाकली होती. बेटावरच्या या वुनाकाबी गावाच्या मळ्यांमध्ये कुठेही कुदळ मारा, जपानी इथे उतरले त्या महायुद्धातलं लोखंड खण्णकन वाजायचं. त्यामुळे गावातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी एक नियम पाठ असे : टोक असलेला, म्हणजे न फुटलेला गोळा दिसला की हात मागे, पाय मागे, आणि मोठ्या माणसाला हाक! आज सकाळीही आईने तो तिघांकडून म्हणून घेतला होता, तेव्हा कुठे फाटक उघडलं होतं.

सुट्टीतलं हे भंगार गोळा करण्याचं काम केपासमामाने काढलं होतं. गिटारवर गाणी म्हणणाऱ्या गावातल्या तरुणांच्या स्ट्रिंगबँडचा तो म्होरक्या. स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धेसाठी त्याला कीबोर्ड हवा होता. शुक्रवारी दुपारी भंगारवाल्याचा ट्रक येणार होता.

"चला, ओझं उचला," अपेलिस म्हणाला. "मला भूक..."

टंऽऽग!

तिघंही थिजले. आवाज आला होता तो पायांखालून!

टंऽग... टिंऽग... पुन्हा टंऽऽग.

"भूत!" पेनियास कढईमागे लपला. "जपानी भूत!"

"अरे, समुद्राचा वारा सुटला की येतो हा आवाज. सगळ्यांना माहीत आहे," अपेलिस म्हणाला खरा, पण त्याचाही आवाज बारीक झाला होता. "मोठी माणसं म्हणतात, तिकडे लक्ष द्यायचं नाही."

रेल्वीने डोळे मिटून कान दिले. "भुताचं काय घेऊन बसलात? ऐका ना नीट! सूर वेगवेगळे आहेत. आणि एकमेकांशी जुळतायत!"

"मग भूत गाण्याच्या क्लासला जातं!" अपेलिस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिघं तयारीने आले. कोकोच्या मळ्यामागे टेकडीच्या पोटात एक जुनं भुयार होतं. त्याच्या तोंडावर वेलींचा पडदा आला होता. रेल्वीने स्वतःच्या आणि अपेलिसच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक पेनियासच्या हातात दिलं.

"मीच का बाहेर?"

"कारण सगळ्यात महत्त्वाचं काम तुझं. दोर दोनदा हिसकला, की धावत जाऊन आईला आणायचं."

"आणि एकदा हिसकला तर?"

"तर अपेलिसला शिंक आली असं समज!"

बॅटरीच्या उजेडात जमिनीवर पुरतं पाहून मगच रेल्वी पुढचं पाऊल टाकत होती. भुयार कोरडं होतं. लांबवर दुसऱ्या टोकाला उजेडाचा ठिपका दिसत होता, आणि तिकडून खारा वारा येत होता. मध्येच भुयार खोलीएवढं रुंद झालं. तिथे माडाच्या ओंडक्यांची बाकं गोल मांडलेली होती. छत दिव्याच्या काजळीने काळं झालं होतं. आणि त्या छताला टांगली होती पितळी नळकांडी! तोफेच्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या, तोंड खाली करून बारीक तारेने लटकवलेल्या.

"टोक नाही. एकीलाही नाही," रेल्वीने आधी ते पाहिलं.

वाऱ्याने दोन पुंगळ्या एकमेकींवर आपटल्या. टंऽग!

"हे तुझं भूत!" अपेलिस म्हणाला. मग तो खाली वाकला. त्याच्या पायाला काहीतरी टोचलं होतं. वेटोळं झालेली बारीक गंजकी तार. "रेल्वी... ही गिटारची तार आहे. इथे ढीग पडलाय तुटक्या तारांचा!"

रेल्वीने पुंगळीच्या कडेवरून बोट फिरवलं. कड कानशीने घासलेली होती. कुठे जास्त, कुठे कमी. कुणीतरी मुद्दाम घासून घासून सूर आणला होता. तिने मोजलं.

"पाच," ती म्हणाली.

"पाच तारा!" अपेलिसने तिचा दंडच धरला. "ब्लॅक सँड!"

ब्लॅक सँड हा बुबू एरेमास यांचा बँड. बुबू म्हणजे रेल्वीच्या आईचे मामा. गिटारची एक तार काढून पाचच तारांवर वाजवायचे ते. त्यांच्या कॅसेट कुठल्या मोठ्या दुकानात कधी दिसल्या नाहीत, पण बाजारात सुपारीच्या ढिगाशेजारी खपायच्या. अजूनही जुन्या ट्रकवाल्यांकडे त्या घासून घासून वाजत. कोणती तार कोणत्या सुराला लावायची, ती त्यांच्या गिटारची जुळणी मात्र कुणाच्या हाती लागली नाही! प्रत्येक बँड आपली जुळणी जिवापाड जपतो. पण ब्लॅक सँडवाले गाणं संपलं की टाळ्या थांबायच्या आत तारा ढिल्या करून टाकत. सरावाला ते कुठे जातात, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

आता बाकीचे सगळे देवाघरी गेले होते. उरले एकटे बुबू. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. केपासमामाच्या बँडची पोरं त्यांची गाणी नेहमीच्या जुळणीत वाजवत, पण ती नारळाच्या दुधावाचून शिजवलेल्या रताळ्यासारखी लागत.

"मी गेल्या अख्ख्या सुट्टीत कॅसेट ऐकून प्रयत्न केला होता," अपेलिस म्हणाला. "पण टेप ताणलेल्या. प्रत्येक यंत्रावर सूर वेगळा. दोन तारा काही केल्या जुळत नाहीत."

"म्हणजे बुबू गेले, की गाणीही जाणार," रेल्वी हळूच म्हणाली. "अपेलिस, ती गाणी इथे टांगली आहेत!"

बाहेर येऊन पेनियासला तिने बजावलं, "मामाला सांगायचं का, ते आधी मी ठरवीन. कुणाला काही बोलायचं नाही. शपथ?"

"शपथ!"

ही शपथ रात्रीच्या जेवणापर्यंत टिकली. मामाने "आज काय काय मिळालं रे वाघा?" असं विचारलं मात्र, आणि वाघाने छाती फुगवली. "पितळ! पाच मोठ्ठ्या पितळी पुंगळ्या!"

शुक्रवारी सकाळी रेल्वी उठून पाहते, तर मामा आणि त्याची पोरं पाचही पुंगळ्या काढून आणून भंगाराच्या ढिगावर ठेवत होती!

"मामा, त्या विकू नकोस! ती बुबूंची जुळणी आहे!"

मामा हसला. "जुळणी? अगं, पुंगळ्या टांगून कुणी गिटार लावतं का?"

"कड बघ ना, घासलेली आहे!"

"उंदराने कुरतडली असेल."

"पितळ?"

"जपानी उंदीर असेल!" मामाची पोरं खो खो हसली. मामाचा चेहरा मात्र क्षणभर उतरला. "हे बघ रेल्वी, भाचा मी त्यांचा. आपल्यात मामाचं भाच्याकडे येतं, जुळणी मला मिळायची होती. मी कामासाठी राजधानीला, मोर्सबीला गेलो, परत आलो तेव्हा त्यांची वाचा गेली होती. मला ठाऊक नाही ते तुला कुठून ठाऊक असणार? पितळालाच खरा भाव आहे. ट्रक आला की या जाणार."

पेनियास रडायच्या बेतात होता. "ताई, मी मुद्दाम नाही..."

"रडू नकोस. डोकं चालव," रेल्वी म्हणाली. पण चालवलं तिनेच. ती पुन्हा मामासमोर जाऊन उभी राहिली, हात मागे बांधून, एकदम शहाण्यासारखी.

"बरं मामा, विकायच्याच असतील तर अशा काळ्या का विकायच्या? आम्ही ज्वालामुखीची राख आणि लिंबू लावून ओढ्यावर घासून देतो. भंगारवाल्याचे डोळे दिपतील!"

"ही खरी अक्कल!" मामाने तिच्या पाठीवर थाप मारली. "शिका रे पोरांनो, शिका! जा, घेऊन जा. ढकलगाडी घ्या."

आणि मामाने स्वतःच्या हातांनी पुंगळ्या गाडीत ठेवून दिल्या!

वळण ओलांडताच गाडी ओढ्याकडे न जाता थेट बुबूंच्या घराकडे पळाली. वाटेत अपेलिसने आपली गिटार उचलली आणि तिची एक तार काढून टाकली.

बुबू एरेमास चुलीच्या खोपटाबाहेर चटईवर बसले होते, समुद्राकडे तोंड करून. हल्ली कोण आलं, कोण गेलं, ते मान वळवून पाहतही नसत. मुलांनी काथ्याच्या दोरीने पुंगळ्या खोपटाच्या वळचणीला टांगल्या. रेल्वीने काठीने पहिली वाजवली.

ठक्.

दुसरी. ठक्.

बुबूंची मान वळली नाही.

"संपलं," अपेलिस मटकन खाली बसला. "मामाचंच खरं. पुंगळ्या त्या पुंगळ्याच."

पण रेल्वीचे कान ऐकेनात! भुयारात हा आवाज नव्हता. तिथे काय होतं जे इथे नाही? तिने वर पाहिलं. "दोरी! दोरी जाड आहे, ती आवाज खातेय. तिथे तार होती. पेनियास, मासे धरायची दोरी आण. पळ!"

पेनियास असा सुटला, की त्याच्या चपला मागेच राहिल्या.

बारीक दोरीवर पुंगळ्या पुन्हा चढल्या. रेल्वीने काठी उचलली.

टंऽऽऽग!

बुबूंचे खांदे हलले. मग हळूहळू, फार हळूहळू, त्यांनी मान वळवली. डोळे पुंगळ्यांवर खिळले. डावा हात उठला आणि अपेलिसच्या गिटारकडे वळला.

"बुबू, ही कितव्या तारेची?" रेल्वीने विचारलं.

बुबूंनी डाव्या हाताचा अंगठा लांब करून जाड तारेवर टेकवला.

अपेलिसने खुंटी पिळली. रेल्वी पुंगळी वाजवायची, तो तार छेडायचा. जरा वर गेला की बुबू फुरफुरायचे. जरा खाली राहिला की फुरफुरायचेच, पण जास्त रागाने!

"आई गं! बोलत नाहीत तरी ओरडतायत," अपेलिस कुरकुरला.

"वाजव मुकाट्याने!"

चौथी तार जुळत होती तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला. पाठोपाठ मामाची हाक आली. "रेऽल्वी! पितळ कुठंय? ओढ्यावर तर कुणी नाही!"

"लवकर, अपेलिस!"

"घाई केली तर तार तुटेल ना!"

मामा तरातरा अंगणात शिरला. त्याच्यामागून घाम पुसत भंगारवाला आला. "हे काय चाललंय? घासायला दिल्या होत्या की टांगायला? काढ त्या खाली! आत्ताच्या आत्ता!"

रेल्वी पुंगळ्यांसमोर हात पसरून उभी राहिली. "मामा, एकच तार राहिलीय. मग तुझ्या मनात येईल ते कर."

तिने पाचवी पुंगळी वाजवली. अपेलिसने खुंटी केसभर पिळली. बुबू फुरफुरले नाहीत.

अपेलिसने पाचही तारांवरून बोटं फिरवली.

मामाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. भरतीचं पाणी खडकांतून मागे फिरावं, तसा तो झंकार होता. आणि त्या झंकाराच्या पाठीवर एक आवाज आला. जाडाभरडा, थरथरता, पण सुरात अगदी पक्का.

बुबू गात होते!

वर्षभर ज्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता, ते बुबू होडी घेऊन खडकांपलीकडे गेलेल्या भावाचं गाणं गात होते, शब्दन् शब्द! पेनियासने ताईचा हात घट्ट धरला. भंगारवाल्याने डोक्यावरची टोपी काढली. मामा चटईच्या कडेला गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

गाणं संपलं.

"या पुंगळ्या विकायच्या नाहीत," मामा भंगारवाल्याला म्हणाला.

"कळलं मला. विकत दिल्या असत्यात तरी घेतल्या नसत्या," भंगारवाला म्हणाला. "माझ्या ट्रकमध्ये यांचीच कॅसेट आहे. पण मला रिकाम्या हाताने पाठवू नका. बाकीचं लोखंड द्या, आणि सुपारी खायला घाला!"

"आणि कीबोर्ड?" पेनियासने भीत भीत विचारलं.

"कीबोर्ड गेला खड्ड्यात!" मामाने डोळे पुसले आणि रेल्वीकडे पाहिलं. "पोरी, मी गाणी विकून वाद्य आणायला निघालो होतो. तुझ्या कानांनी घराची लाज राखली. अपेलिस, तुझ्या बोटांनीही. आणि वाघा, तू..."

"मी दोरी आणली!"

"तू दोरी आणलीस, आणि जेवताना तोंड उघडलंस. फिट्टंफाट!"

तोवर रेल्वीची आईही येऊन पोचली होती. तिने आधी तिघांचे हात-पाय तपासले, मग तिघांना एकदम कवेत घेतलं. "भुयारात गेलात म्हणून रागावणार आहे," ती म्हणाली. "पण उद्या. आज माझ्या एरेमासमामांनी गाणं म्हटलंय!"

बुबूंनी डाव्या हाताने पुंगळ्यांकडे बोट केलं, मग टेकडीकडे. नंतर ते बोट रेल्वी आणि अपेलिसवर स्थिरावलं, आणि बराच वेळ तिथून हललं नाही. पुंगळ्या पुन्हा भुयारात, आणि जुळणी आता या दोघांकडे, हे सगळ्यांना कळलं.

दोन दिवसांनी मामाची पोरं बुबूंना खुर्चीसकट उचलून भुयारात घेऊन गेली. रेल्वीने पुंगळ्या बारीक तारेने होत्या तिथे टांगल्या होत्या. ओंडक्यांच्या बाकावर अपेलिस गिटार घेऊन बसला. पोरांनी भराभर खिशातून मोबाईल काढले आणि टिपून घ्यायला उंचावले.

बुबू असे काही फुरफुरले, की वटवाघळं उडाली!

"तारा जुळेपर्यंत सगळे बाहेर!" रेल्वीने फर्मान सोडलं. "मामा, तूसुद्धा!"

वेलींच्या पडद्यापलीकडे मोठी मोठी माणसं मुकाट्याने रांगेत उभी राहिली. सगळ्यांत पुढे केपासमामा होता, गिटार छातीशी धरून. अर्ध्या तासाने पडद्यातून रेल्वीचं डोकं बाहेर आलं.

"एकेकाने आत या. मोबाईल पेनियासने राखून ठेवलेल्या कढईत टाका. आणि मामा, बुबूंनी तुला त्यांच्या शेजारच्या बाकावर बसवायला सांगितलंय."

"बुबूंनी सांगितलं? बोलले?"

"फुरफुरले," रेल्वी म्हणाली. "पण या वेळी हसत."