मेंबर नव्हते ते

रियाज इनामदार ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूममध्ये होते. केसाएवढा फरक बोटाला कळणारा माणूस. ऐकीव गोष्टीवर त्यांनी कधी विश्वास ठेवला नाही. त्यामुळे हमराही वाहनधारक संघ बंद करायचं ठरलं, आणि जाता जाता एक स्मरणिका काढावी असं निघालं, तेव्हा जुन्या मेंबरांच्या आठवणी गोळा करायचं काम आपसूक त्यांच्याच गळ्यात पडलं.

संघाचं काम साधं होतं. मेंबरची गाडी वाटेत बंद पडली की त्याने ढाब्यावरून, एसटीडी बूथवरून नाशिकच्या ऑफिसला फोन करायचा. तासा-दीड तासात पिवळी व्हॅन घेऊन फकिरा मेकॅनिक हजर. आता नवी गाडी घेतानाच ही सोय मिळते, संघाला विचारतो कोण? तरी लोक आठवणी सांगताना खुलत. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकलेला नवरदेव फकिराने व्हॅनमधून मांडवात कसा पोचवला, हे तर तिघांनी तीन तऱ्हेने सांगितलं. रियाजभाई मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करून घेत होते.

दुसऱ्या आठवड्यात ते भाग्यश्री खैरनारांकडे गेले. बँकेतून निवृत्त झालेल्या, कॉलेज रोडला एकट्या राहणाऱ्या बाई. दोन-तीन आठवणी सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "ते रेकॉर्डिंग बंद करा जरा. एक सांगते, पण छापायचं नाही."

त्यांनी बंद केलं.

"दोन हजार तीनचा मे. मुंबईहून येत होते. मुंढेगावच्या अलीकडे तो छोटा पूल आहे ना, तिथे गाडी बंद पडली. फकिरा आला, त्याने दुरुस्त केली. तेवढ्यात एक माणूस आला. त्याची गाडीही पुढे बंद पडली होती. फिकट निळी, जुनी. बायको झाडाखाली बसलेली. मला म्हणाला, पाच मिनिटांचंच काम आहे, नुसतं बघायला सांगा. मी विचारलं, मेंबर आहात का? तो नाही म्हणाला. मग मी गाडीत बसले आणि फकिराला म्हटलं, चल, मेंबर नाहीत ते."

"नियमच होता तसा," रियाजभाई म्हणाले.

"नियम होता हो. पण दुपारचे अडीच वाजले होते. बरोबर लहान मुलगी होती त्यांच्या."

रियाजभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. बशीत थोडा चहा सांडला, तो त्यांनी रुमालाने पुसला आणि मुलगी कशी होती, हे न विचारताच ते उठले.

कारण मुलगी कशी होती ते त्यांना ठाऊक होतं. पिवळा झगा. सात-एक वर्षांची. एका पायात चप्पल, दुसरी हातात.

त्यांनी तिला पाहिलं होतं एकोणीसशे चौऱ्याण्णव साली. इगतपुरीला मेहुण्याकडे साखरपुड्याला निघाले होते, त्याच पुलाशी गाडी अडली. फकिरा येऊन दुरुस्त करून गाडी पुसत होता, तेव्हा तो माणूस आला. तेच शब्द. खरं म्हणजे फकिराची गरजच नव्हती. रियाज स्वतः उत्तम कारागीर. बोनेट उघडून आवाज ऐकला असता तरी दोष कळला असता. पण अंगात कडक इस्त्रीचा पांढरा सदरा होता. गाडीतून बायको, अनवरी, म्हणाली, "बघून घ्या ना जरा." ते ऐकूच न आल्यासारखे गाडीत बसले होते. तीस वर्षांत नवरा-बायकोत त्या दुपारचा विषय एकदाही निघाला नव्हता.

दोन दिवस त्यांनी स्वतःची समजूत घातली. रस्त्यावर गाड्या बंद पडतातच. बायका झाडाखाली बसतातच. मग ते कुंदन भुतडांकडे गेले. भांडी बाजारात दुकान असलेला हा माणूस गप्पिष्ट, पण पुलाचं नाव काढताच तो उगाच ड्रॉवर उघडू-मिटू लागला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कधीची गोष्ट?"

"दोन हजार सतरा. नवा चौपदरी रस्ता झाला होता, पण जुन्या रस्त्याचा तुकडा खाली तसाच आहे ना, तिथे मी चुकून उतरलो होतो. रियाजभाई, माझ्या गाडीत पाण्याचा अख्खा बॉक्स होता. एक बाटली दिली असती तर काय बिघडलं असतं? त्या पोरीच्या पायात धड चप्पल नव्हती."

"झगा?"

"पिवळा." भुतडांनी मान वर केली नाही. "छापू नका हं."

त्या संध्याकाळी रियाजभाई मखमलाबादला फकिराच्या मळ्यात गेले. फकिरा आता बायकोबरोबर झेंडू आणि शेवंती लावतो. सरुबाई फुलं तोडत होत्या. फकिराने खाट पुढे केली आणि सगळं ऐकून घेतलं.

"साहेब, रागवू नका," तो म्हणाला. "मला तिथं कवाच कुणी दिसलं नाय."

"म्हणजे?"

"गाडी नाय, बाई नाय, पोर नाय. तुम्ही लोक रस्त्याच्या कडेला उभं राहून बोलायचे. मग गाडीत बसून म्हणायचे, चल फकिरा, मेंबर नाहीत ते. मी तिकडं बघायचो. नुसतं वाळकं गवत."

"मग विचारलं का नाहीस?"

फकिराने हाताला लागलेली माती झटकली. "लय येळा वाटलं इचारावं. पण मेंबर तुम्ही. आन् खरं सांगू का? मी मनात म्हणायचो, आपल्याला दिसत नाय ते बरंय. दिसलं असतं तर मी तरी थांबलो असतो का?"

सरुबाई पाटी उचलून आत गेल्या. चहा आला, तो दोघांनी प्यायला.

घरी येऊन रियाजभाईंनी अनवरीला पहिल्यांदा सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. हात थांबले नाहीत.

"मला दिसले होते," ती म्हणाली. "ती मुलगी माझ्याकडेच बघत होती. तुम्ही काच वर करायला सांगितलीत आणि मी केली."

"उद्या जाऊ या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी जेवण करून दोघं निघाले. रियाजभाईंनी जुनी पान्यांची पेटी घेतली, मळका शर्ट मुद्दाम घातला. अनवरीने थंड पाण्याच्या चार बाटल्या आणि एक नवी कोरी छोटी चप्पलजोडी घेतली. वाडीवऱ्हे मागे पडलं. पुलाच्या अलीकडे त्यांनी हायवे सोडला आणि जुन्या रस्त्याच्या तुकड्यावर गाडी घातली. डांबर फुटून मधून गवत आलं होतं. वरून कंटेनरचे आवाज येत होते. अडीच वाजायला आले होते.

गाडी होती. फिकट निळी.

बाई झाडाखाली होती.

"थांबवा," अनवरी म्हणाली.

थांबवायचंच होतं. पण पाय ब्रेककडे जाईना. त्यांनी तो न्यायचा प्रयत्न केला, अगदी खरा प्रयत्न केला, असं पुढे त्यांनी स्वतःला कितीदा तरी सांगितलं. गाडी वीसच्या वेगाने पुढे सरकत राहिली.

"थांबवा ना."

तो माणूस रस्त्याच्या कडेलाच उभा होता. त्याने हात वर केला नाही. तो पुढेही आला नाही.

त्याने गाडी पाहिली, मग काचेतून दोघांचे चेहरे पाहिले.

"त्याने ओळखलं आपल्याला," अनवरी हळूच म्हणाली.

माणूस दोन पावलं मागे झाला. त्याने मुलीला जवळ ओढलं, तिचं तोंड आपल्या पोटाशी धरलं, आणि ती वळून पाहू लागली तेव्हा, गाडी पुढे निघून जाईपर्यंत, तिच्या डोळ्यांवर हात ठेवला.