कोरं रक्त

तस्नीम मुजावरने सुई काढली आणि कारखानीसांनी सवयीने बाही वर केली.

मिरजेबाहेरच्या त्या प्रयोगशाळेत हे वर्षानुवर्षं चालत आलं होतं. रक्ताच्या जन्मजात आजारावर उपचार घेतलेल्या रुग्णांच्या रक्ताशी ताडून पाहायला उपचार न घेतलेल्या माणसाचं एक कोरं रक्त लागे, आणि ते यशवंत कारखानीस देत. उपचार शोधला त्यांच्या पत्नीने, नलिनीबाईंनी. त्या होत्या तोवर सुई त्याच टोचत. आता त्या नव्हत्या, आणि ही शेवटची चाचणी होती.

नवे संचालक पेंढारकर समोर बसले होते. "बंद करतोय ते नेमकं काय, एकदा सरळ सांगा."

"वाहक कण," कारखानीस थकल्या आवाजात म्हणाले. "लेंटी जातीच्या विषाणूचं टरफल. आतलं रोगाचं सगळं काढून तिथे माणसाचं निरोगी जनुक घातलेलं. कण पेशीत शिरतो, जनुक तिच्या गुणसूत्रात शिवतो आणि संपतो. त्याची पिल्लं होत नाहीत. पण पेशी दुभंगली की जनुक दोन्हींकडे जातं."

"आणि ते टिकलंय हे कळतं कसं?"

"बाईंनी जनुकाला खूणपुच्छ जोडलंय," तस्नीम म्हणाली. "त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला ती शेपटी असते. आमचा रंग तिला चिकटला की चमकतो."

"मग रुग्णांचं रक्त चमकत नाही?"

"चमकतं. पण कोरंही तेवढंच चमकतं. म्हणजे रंग कशालाही चिकटतोय. ती चमक वजा केली की हाती काहीच उरत नाही."

पेंढारकरांनी मान हलवली. "म्हणजे जनुक गेलं. रुग्णांना आता दुसऱ्याची अस्थिमज्जा बसवायची. त्यात एखादा दगावतोही."

नलिनी चुकली होती हे कारखानीसांनी अजून तोंडाने म्हटलेलं नव्हतं.

तस्नीमने त्यांच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. "सर, पांढरेफटक पडलाय. जेवता की नुसता चहा ढोसता? राहू दे, आज माझं घेते."

"घे. कुणाचंही चालतं."

दुपारी यंत्राने आकडे दिले. रुग्णांचं रक्त नेहमीसारखं चमकत होतं. तस्नीमचं काळं होतं.

"रंग बिघडला असेल," पेंढारकर म्हणाले.

तस्नीमने कारखानीसांच्या बोटाला टोचलं. तो थेंब चमकला.

"सर," ती हळूच म्हणाली, "रुग्णांचं जनुक जागेवर आहे. तुम्हीच कोरे नाही."

कारखानीसांनी अंगठा पाहिला. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी नलिनीने कणांनी भरलेल्या सुईला टोपण लावताना ती त्यांच्या अंगठ्याला लागली होती. तेव्हा रक्त तपासलं, काही दिसलं नव्हतं. मज्जेतल्या ज्या पेशींत कण शिरले, त्या निजलेल्या असणार. पुढे त्या जाग्या झाल्या, वाढल्या, आणि तिच्या प्रत्येक चाचणीत तिचाच पुरावा यशवंतरावांच्या रक्तामुळे वजा होत राहिला.

"मज्जेचं थांबवतो," पेंढारकर उठले. "पण बाईंना कधी शंका आली नाही?"

"घरचं रक्त होतं," कारखानीस म्हणाले. "घरच्यावर कोण शंका घेतं?"

तस्नीमने कापसाचा बोळा दिला. त्यांनी तो बोटावर दाबला नाही. सुई लागली त्या दिवशी त्यांचा अंगठा नळाखाली धरून नलिनी म्हणाली होती, "घाबरू नका हो. पसरणार नाही ते. फक्त आता जाणारही नाही."