मर्यादा एक हजार

आधीच माफी मागतो. नववीत शाळा सुटली आणि ऱ्हस्व-दीर्घ तिथेच राहिलं, त्यामुळे चुका दिसतील. मोठे शब्दही मला येत नाहीत. साधंच सांगतो, पण काही गाळणार नाही. एकदा गाळलं होतं, त्याचंच हे सगळं आहे.

मी झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. पुढे काउंटर आणि मोठं मशीन, मागच्या खोलीत कॉम्प्युटर. मालकांना मी काका म्हणतो. काम नसेल तेव्हा तो कॉम्प्युटर वापरायची त्यांनी मुभा दिली आहे. मी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने त्यावर फ्रॅक्टल काढतो. ही चित्रं कितीही मोठी करून पाहिली तरी कडेला नवी नक्षी निघतच राहते, आणि तिच्यात कुठेतरी मूळ चित्राचं पिल्लू बसलेलं असतं. काकांनी पहिलं चित्र पाहिलं आणि म्हणाले, “अशी ओल आमच्या बाथरूमच्या भिंतीला आहे. ये, फुकट दाखवतो.”

कृती सोपी आहे. एक आकडा निवडायचा. शून्यापासून सुरुवात करायची. हातातल्या संख्येला तिनेच गुणायचं आणि त्यात तो आकडा मिळवायचा. जे उत्तर येईल त्याचं पुन्हा तेच. काही आकडे अशाने फुगत फुगत पळून जातात, ते बाहेर. काही कितीही वेळा केलं तरी तिथल्या तिथे घोटाळतात, ते आत. आतले चित्रात काळे. पण कॉम्प्युटरला जन्मभर मोजत बसवता येत नाही, म्हणून मर्यादा घालावी लागते. तेवढ्या पावलांत आकडा बाहेर पडला नाही की प्रोग्राम त्याला आतला समजतो, मग तो पुढच्याच पावलाला पळणार का असेना. चित्र लवकर व्हावं म्हणून माझी मर्यादा एक हजार असायची.

इंटरनेटवर आमचा विज्ञानाच्या गप्पांचा एक गट आहे. तिथे मी चित्रं टाकायचो. समोरासमोर मला चार माणसांत बोलता येत नाही, पण तिथे यायचं. तिथेच घड्याळवाले आजोबा भेटले. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेली, आता निवृत्त. ते हे सगळं हाताने करायचे, कॅल्क्युलेटर आणि वही घेऊन, एका ओळीत एक पाऊल. मला गुणाकाराची खरी गंमत त्यांनीच शिकवली. एकदा म्हणाले, “पोरा, ०.२५ घे. तो अर्ध्याच्या दिशेने सरकत राहतो, पण पोचत नाही आणि बाहेरही पडत नाही. कणभर वाढव, मग बघ.”

मग एक दिवस त्यांनी मला एकट्याला निरोप पाठवला. आकडा होता ०.२५, त्यापुढे सहा शून्यं आणि मग थोडंसं काहीतरी.

“तीन हजार एकशे बारा पावलं वहीत केली. अजून घोटाळतोय. डोळे दमले. पुढे तू मोज,” त्यांनी लिहिलं होतं. आणि खाली, “लेक हृदयाच्या ऑपरेशनसाठी मागे लागली आहे. तिला म्हटलं, हा बाहेर पडला तर टेबलावर चढतो, नाही तर राहू दे. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळं उघडली, आणि स्वतःला उघडून घ्यायला घाबरतोय. हसू नकोस.”

मी हसऱ्या तोंडाचं चिन्ह पाठवलं.

त्या दिवशी पोस्टरांची घाई होती. मी आकडा प्रोग्राममध्ये टाकला, उत्तर आलं काळं, आणि मी गटावर सगळ्यांसमोर लिहिलं, “आजोबा, आत आहे. नक्की.” लोकांनी वाहवा केली. आजोबांनी लिहिलं, “बरं झालं. आता वाट बघायला नको.”

तिसऱ्या दिवशी दुसरं चित्र करताना मर्यादेवर नजर गेली. एक हजार. आजोबा हाताने तीन हजारांच्या पुढे गेले होते, आणि मी मशीनने हजारावर थांबून त्यांना नक्की म्हणून सांगितलं होतं. एक आकडा बदलायचा होता, पापणी लवायच्या आत उत्तर आलं असतं. मी निरोप लिहायला घेतला. मग ती वाहवा आठवली, आणि पुसून टाकला. उद्या सांगू म्हटलं. असे सात आठवडे गेले. मग त्यांच्या लेकीने गटावर दोन ओळी टाकल्या, बाबा गेले म्हणून.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी एकटाच दुकानात होतो. शटर अर्धं खाली होतं. एक बाई वाकून आत आल्या. हातात कापडी पिशवी.

“गटावर चित्रं टाकतोस तो तूच ना? दुकानाचं नाव चित्राखाली असतं, म्हणून शोधत आले.”

मी मान हलवली. “मी घड्याळवाल्या आजोबांची लेक,” म्हणत ताईंनी पिशवीतून त्यांच्या तीन वह्या काढल्या. वह्यांना घड्याळाच्या तेलाचा वास होता.

“यांच्या प्रती हव्यात. गटातल्या कुणाला उपयोग होईल.” मग म्हणाल्या, “तू आत म्हणालास, तरी बाबांनी मोजणं सोडलं नाही रे. हॉस्पिटलात वही धरता येईना, तर पलंगाच्या दांडीवर बोट आपटायचे. टक… टक… नर्स चिडवायची, आजोबा, आज कुठवर पोचलात? तर खरंच आकडा सांगायचे. शेवटचा एक्केचाळीस हजार तीनशे सहा. मी लिहून ठेवलाय. त्याचा काही अर्थ असेल का?”

“नाही,” मी म्हणालो. “तो… आतच आहे.”

“तेच म्हणायचे. पोरगा हुशार आहे, चुकायचा नाही.” त्या उठल्या. “सकाळी आठला येते.”

त्या गेल्यावर मी मागच्या खोलीत गेलो. मर्यादा एक लाख केली आणि तोच आकडा टाकला. उत्तर लगेच आलं. बाहेर. एक्केचाळीस हजार तीनशे सात.

किती वेळ पाहत बसलो ते माहीत नाही. मग वाटलं, निदान दिलेलं काम तरी करावं. आठ वाजत आले होते. पुढे येऊन शेवटच्या वहीचं शेवटचं लिहिलेलं पान झेरॉक्स मशीनच्या काचेवर ठेवलं, झाकण लावलं, बटण दाबलं.

दिवा सरकला नाही. कागद आला नाही. छोट्या पडद्यावर मात्र १ उमटला आणि झाकणाखालून आवाज आला. टक. मग २. टक. मी थांबवायचं बटण दाबलं. ३. ट्रे उघडला, कागद जसेच्या तसे. वायर भिंतीतून उपटली. गरम शाईच्या वासात आता तेलाचाही वास मिसळला होता. दिवा विझला, पंखा थांबला, पण पडद्यावरचा आकडा चालूच होता. अठ्ठावीस, एकोणतीस… सेकंदाला एक, घड्याळासारखा.

“आजोबा…” मी म्हणालो. शटर ओढून मी घरी पळालो. आईने विचारलं, “काय रे, तोंड का असं?” मी म्हटलं, “काही नाही.” तेवढंच मला चांगलं येतं.

सकाळी साडेसातला दुकान उघडलं. आवाज थांबला होता. वायर जमिनीवरच पडली होती. त्या पडद्यावर एरवी तीनच आकडे मावतात. आता पाच होते. ४१३०६. हलत नव्हते. कुणीतरी बोट उचलून थांबावं, तसे.

आठला ताई आल्या. मी त्यांना बसवलं आणि सगळं सांगितलं. हजाराची मर्यादा, तिसरा दिवस, पुसलेला निरोप, आणि काल बोललेलं खोटं. ऐकताना त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

“डॉक्टर म्हणाले होते, वेळेत केलं तर आशा आहे,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुझ्यावर ओरडता आलं असतं तर सोपं झालं असतं. मला सांगितलंस. आता त्यांना सांग.”

त्यांनी वही काचेवरून उचलली, कोरं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मी लिहिलं, ‘४१३०७ ला बाहेर. मर्यादा हजार ठेवली होती. चूक माझी. कळल्यावरही सांगितलं नाही.’ पान काचेवर ठेवलं. वायर लावली नाही. बटण दाबलं.

टक. ४१३०७. दिवा सरकला आणि कागद बाहेर आला, ऊन ऊन.

माझ्या वेड्यावाकड्या ओळी त्यावर होत्या. त्यांच्या खाली बारीक, उजवीकडे झुकलेल्या अक्षरात आणखी एक ओळ होती. वहीच्या पानावर ती नव्हती. आम्ही दोघांनी दोनदा उलटून पाहिलं.

“हे अक्षर…” ताई म्हणाल्या. त्यांनी वह्या पिशवीत भरल्या. कागद तिथेच ठेवला. शटरपाशी वळून म्हणाल्या, “तुझ्यासाठी आहे ते.” आणि गेल्या.

ओळ अशी होती: ‘आता हा मोज. ०.२५. या वेळी मध्ये थांबू नकोस.’

तो आकडा कधीच बाहेर पडत नाही, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. मी मागच्या खोलीत गेलो. प्रोग्राममधली मर्यादेची ओळ पुसली. ०.२५ लिहिलं आणि मोजणी सुरू केली. काकांसाठी एक चिठ्ठी लिहून पडद्याला चिकटवली, ‘हा कॉम्प्युटर बंद करू नका.’

ती चिकटवत असतानाच पुढच्या खोलीतून पहिला आवाज आला. टक.