बुडालेल्या बोरदरीतले ठोके

"गाडी इथंच लावू या, मामा. इथून सगळं पाणी दिसतं," नीरजा म्हणाली आणि उद्धवमामांनी ब्रेक दाबला.

सुट्टी लागल्यापासून हाच बेत चालला होता. उद्धवमामांनी तीस वर्षं बसगाड्यांच्या वर्कशॉपात काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक जुनी मिनीबस घेतली आणि दोन वर्षं खपून तिचं घर केलं. आत चार जणांना झोपायला फळ्या होत्या, ओटा होता, टपावर पाण्याची टाकी आणि सोलर होतं. मागे एवढासा संडाससुद्धा होता. गाडीखाली सांडपाण्याची वेगळी टाकी होती. ती मेहकरला घरी गेल्यावरच रिकामी करायची, बाहेर एक थेंब सांडायचा नाही, असा मामांचा कडक नियम होता. "आपण कुणाच्या जागेवर फुकटात राहणार," ते म्हणत, "तर आपण राहून गेलो हे त्या जागेला कळता कामा नये."

पहिल्याच मुक्कामाला तिघांची वर्णी लागली होती. तेरा वर्षांची नीरजा, तिचा अकरा वर्षांचा भाऊ श्रेयस आणि नीरजाच्या वर्गातली समता. जानेफळ मागे टाकून कच्च्या रस्त्याने ते बोरदरीच्या धरणावर पोचले तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

धरणाचे चौकीदार उकंडराव काठी टेकत आले. मुक्कामाला त्यांची ना नव्हती, पण जागा त्यांना पसंत पडली नाही. धरणाच्या भिंतीजवळ लावा, असं ते पुन्हा पुन्हा सांगू लागले. का, ते मात्र सांगेनात. शेवटी समताने सरळच विचारलं.

"पोरी, त्या पान्यात गाव हाये," उकंडराव खालच्या आवाजात म्हणाले. "जुनी बोरदरी. धरन झालं तवा बुडालं. उन्हाळ्यात पानी उतरलं की वर येते. हे पाह्य."

मुलांनी पाहिलं. उतार संपून गाळ सुरू होत होता, त्याच्या पलीकडे, तीनशेएक पावलांवर, भिंतींची थोटकं ओळीने उभी होती. मधून एक गल्ली गेलेली दिसत होती. गल्लीत कुणीही नव्हतं.

"कालपासून आवाज येऊन राह्यला तथून," उकंडराव म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

मामा हसले. गाडी काही हलली नाही.

पहिल्यांदा आवाज ऐकला तो समताने. ती गाडीच्या पायरीवर बसून कांदा चिरत होती. पायाखालून, जमिनीतूनच आल्यासारखं, काहीतरी वाजलं. टण्ण. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टण्ण. तिने सुरी खाली ठेवली आणि गाडीत जाऊन बसली. नीरजाला तिचा चेहरा पाहूनच कळलं.

तिघांनी कान देऊन ऐकलं. आवाज गाडीच्या मागच्या चाकाजवळून येत होता. तिथे मातीत अर्धा गाडलेला एक जुना लोखंडी पाईप होता. काठावरच्या फुटक्या टाकीपासून निघून तो उतारावरून खाली गेला होता आणि गाळात, त्या भिंतींच्या दिशेने, दिसेनासा झाला होता.

"म्हणजे तो तिकडून येतोय," श्रेयस म्हणाला आणि नकळत नीरजाच्या मागे सरकला.

त्यांनी मामांना बोलावलं. पण वर्कशॉपातल्या इंजिनांनी मामांचे कान कधीच अधू करून ठेवले होते. ते पाईपाशी वाकले, मान हलवली आणि काहीच ऐकू येत नाही म्हणाले. तेवढ्यात मोटरसायकलवरून गोविंदा नावाचा एक माणूस आला. धरणातलं जुनं लोखंड काढून नेण्याचं कंत्राट ज्याचं होतं, त्याचा तो मुकादम. मुलांचं ऐकून तो मोठ्याने हसला. दिवसभर ऊन खाल्लेलं लोखंड संध्याकाळी थंड होतं, आकसतं आणि वाजतं, एवढं तुम्हाला शाळेत शिकवत नाहीत का, असं त्याने विचारलं. मामांना ते पटलं. गोविंदा गेला.

नीरजालाही ते पटलं असतं. पण तिने मनात मोजायला सुरुवात केली होती. तीन ठोके, मग थांबा. तीन ठोके, मग थांबा. थंड होणारं लोखंड असं मोजून वाजेल का?

सूर्य टेकडीला टेकला होता. पाणी काळसर दिसू लागलं. भिंतींच्या सावल्या गाळावरून लांब होत काठाकडे आल्या. नीरजाने एक दगड उचलला.

"नको ना गं," समता म्हणाली. "उत्तर आलं तर?"

"त्यासाठीच," नीरजा म्हणाली आणि तिने पाईपावर दोनदा ठोकलं.

सगळं शांत झालं. दूर एक टिटवी ओरडून थांबली. आणि मग पाईप वाजला. टण्ण. टण्ण. दोनदाच.

श्रेयसने तिचा हात घट्ट धरला. तिने चारदा ठोकलं. चार ठोके परत आले, पण शेवटचा अगदी हलका, दमल्यासारखा. तो ऐकून नीरजाची भीती कुठच्या कुठे गेली. दमणारं भूत तिने कधी ऐकलं नव्हतं.

ती पळत मामांकडे गेली आणि त्यांना हाताला धरून घेऊन आली. "ऐकू नका," ती ओरडून म्हणाली. "हात ठेवा." मामांनी तळवा पाईपावर ठेवला. नीरजाने तीनदा ठोकलं आणि वाट पाहिली. मामांचा चेहरा बदलत गेला. इंजिनाला कुठे काय दुखतंय ते आयुष्यभर त्यांनी हातानेच ओळखलं होतं.

"कोणीतरी आहे," मामा म्हणाले. "चला."

पण जायचं कसं? गाळात वाट कुठून आहे ते एकट्या उकंडरावांना माहीत होतं आणि उकंडराव चौकीचं दार आतून लावून बसले होते. काठावर ते कसेबसे आले, पण गाळात उतरायला तयार होईनात. तिथली बुडालेली माणसं बोलावतात, असं त्यांचं म्हणणं. नीरजाने वाद घातला नाही. तिने दगड त्यांच्याच हातात दिला.

"काका, किती वेळा ठोकायचं ते तुम्ही ठरवा. आम्हाला सांगू नका."

उकंडरावांनी डोळे मिटून पाच वेळा ठोकलं. पाच ठोके परत आले. मधे थांबून थांबून, पण पाच.

दगड त्यांच्या हातातून गळून पडला. "पुंजाजी," ते म्हणाले.

मग त्यांच्याकडून भराभर कळलं. पुंजाजी हे जुन्या बोरदरीचेच, सत्तरी ओलांडलेले. दर उन्हाळ्यात गाव वर आलं की ते आपल्या घराच्या उंबऱ्यावर जाऊन बसत. काल सकाळी उकंडरावांनीच त्यांना उतारावर सोडलं होतं आणि मग स्वतः जेवायला गेले होते. परत आले तेव्हा पुंजाजी दिसले नाहीत, तर अमडापूरला लेकीकडे गेले असतील असं ते धरून चालले. "त्याच्या घरापुढं जुनी पान्याची विहीर हाये," उकंडराव म्हणाले. "हा पाईप तथूनच येते. पन तिच्यावर तं लोखंडाचं झाकन होतं."

जुनं लोखंड काढून नेणारा माणूस तासाभरापूर्वीच येऊन हसून गेला होता. सगळ्यांच्या मनात तेच आलं.

मामांनी गाडीच्या झोपायच्या दोन फळ्या काढल्या, टपाची शिडी सोडली, ओढायचा दोर खांद्यावर घेतला. फोनला रेंज फक्त धरणाच्या भिंतीवर होती. १०८ ला कळवायला श्रेयस फोन घेऊन तिकडे धावला. आता पाईपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं. मदत येतेय हे आतल्या माणसाला कळत राहायला हवं होतं.

"मी थांबते," समता म्हणाली. "मला भीती वाटतेय, पण मी थांबते. तुम्ही जा."

पुढे उकंडराव, त्यांच्यामागे फळ्या टाकत मामा, शेवटी टॉर्च धरून नीरजा. भेगाळलेला गाळ पायाखाली डळमळत होता. गाव जवळ आलं तशी ती कधी न पाहिलेली घरं नीरजाला ओळखीची वाटू लागली. इथे दगडी चौकट उभी होती, दार नव्हतं. तिथे तुळशीवृंदावन होतं, त्यावर शिंपले चिकटले होते. एका ओसरीवर जातं पडलं होतं, तोंडात गाळ भरलेलं. कुणी आताच उठून आत गेलं असावं, असं प्रत्येक घर गप्प होतं. आणि त्या गप्प गल्लीत दूरवरून समताचे ठोके येत होते, जमिनीखालून, तीन तीन.

त्यांना उत्तर येणं मात्र थांबलं होतं.

"थांबा," उकंडराव म्हणाले. टॉर्चच्या उजेडात बाभळीच्या फांद्यांचा ढीग दिसला. मधोमध त्याला भोक पडलं होतं. झाकण काढून नेणाऱ्यांनी विहिरीवर नुसत्या फांद्या टाकल्या होत्या. पुंजाजी पन्नास वर्षं ज्या झाकणावरून घरात जात आले, ते तिथेच असेल या भरवशावर त्यांनी पाय टाकला होता.

नीरजाने पालथं पडून टॉर्च खाली धरला. दोन पुरुष खोलीवर, गाळात कमरेपर्यंत रुतलेला एक म्हातारा भिंतीला टेकला होता. हातात दगड होता. डोळे मिटलेले होते.

"बाबा," नीरजाने हाक मारली. "बाबा, आम्ही आलो."

डोळे उघडले. ते उजेडाकडे बराच वेळ पाहत राहिले. "पानी," पुंजाजी म्हणाले.

शिडी अर्ध्यावरच संपत होती. मामांनी तिला दोर बांधून खाली सोडलं आणि ते उतरायला वाकले, तोच उकंडरावांनी त्यांना बाजूला केलं. "मी हलका हाओ, भाऊ. तुम्ही धरा," ते म्हणाले आणि विहिरीत उतरले. आधी पाण्याची बाटली गेली. मग उकंडरावांनी हातांनी गाळ उपसून पाय मोकळा केला. तो मोडला होता. दोराचं दुसरं टोक काखेतून बांधून, मामा आणि नीरजाने वरून ओढून आणि उकंडरावांनी खालून खांदा देऊन पुंजाजींना बाहेर काढलं. फळीवर झोपवून काठावर आणलं तेव्हा समता अजून ठोकतच होती. तिच्या तळहाताची साल निघाली होती.

ॲम्ब्युलन्स धरणाच्या भिंतीशी उभी होती. तिच्यापुढे हात हलवत श्रेयस पळत येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या बोरदरीच्या सरपंच शकुंतलाबाई गाडीपाशी आल्या. त्यांच्यामागे अर्धं गाव होतं. गोविंदालाही बोलावून आणलं होतं. झाकण उद्या बसवणार होतो, असं तो म्हणत होता. शकुंतलाबाईंनी त्याला विहिरीशी नेऊन आत वाकून पाहायला लावलं. दुपारपर्यंत झाकण बसलं आणि कंत्राटदारावर पोलिसांत तक्रारही गेली.

"आमी सगये मोठे," शकुंतलाबाई मुलांना म्हणाल्या, "अर्धे भेलो न् अर्धे हासलो. तुमी तिघांनी इचारून पाह्यलं." त्यांनी समताचा फडक्याने बांधलेला हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

परतताना मामांनी गाडी मेहकरच्या दवाखान्याकडे वळवली. उकंडरावही सोबत आले. पुंजाजींचा पाय प्लास्टरमध्ये होता. लेक उशाशी बसली होती. मुलांना पाहून ते हसले आणि सांगू लागले. ओरडून घसा बसला, मग दगड हाती लागला, तर पाईपावर ठोकत राहिलो. काठावर पाईपाशी कुणी आलं की त्यांना पाईपातून पावलांचा आवाज यायचा.

"तीनदा आलं कोनीतरी," पुंजाजी म्हणाले. "मी ठोकलं की पयत जाये. जितकं ठोकावं तितकं दूर पये. मंग मलेच वाटाले लागलं, आपून मेलो का काय."

दाराशी उभे असलेले उकंडराव पुढे आले. त्यांची मान वर होत नव्हती.

"तो मीच होतो, दादा," ते म्हणाले.

पुंजाजींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"ठाऊक हाये मले. तुह्या चपलेचा आवाज मी वयखत नाई का?" ते म्हणाले आणि पलंगावर थोडे सरकले. "बस इथं."