शेवटची वाफ

फोन खाली ठेव, सिल्वी. आणि दार लोटून घे, थंडी आत येतेय. तौनो हकाला तुम्हा पोरांना आठवत नसेल. आम्ही दोघं निकेलच्या खाणीत बरोबर होतो. त्याला खोटं बोलणं जमायचंच नाही, पत्त्यांतसुद्धा हरायचा. त्यानं सांगितलं तेच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

त्याचं घर इथेच सडबरीत, तळ्याच्या काठाला. बायको ऐली गेली तेव्हापासून वरची खोली तो पाहुण्यांना द्यायचा. एका मार्चमध्ये ऐली गोठलेलं तळं ओलांडत होती आणि बर्फ फुटला. ती सापडलीच नाही. तौनो रडला नाही. जेवायचा, झोपायचा, दारातला बर्फ उपसायचा. एकदा मला म्हणाला, "आत काही हलतच नाही रे."

फेब्रुवारीतला पहिला शनिवार होता. शनिवारी आपल्या फिनिश लोकांत सौना तापवायचा असतोच, म्हणून तौनो संध्याकाळी लाकडं घेऊन अंगणापलीकडच्या त्या वाफेच्या खोलीकडे निघाला. मागोमाग पाहुणा. हॅलिफॅक्सचा कॉलिन, तिशीतला, तोंडाळ पण लाघवी. दिवसभर शहर हिंडून आला होता, आता त्याला सौना हवा होता आणि नंतर तळ्याच्या बर्फात पाडलेल्या भोकात डुबकी. तौनोनं त्याला सगळं समजावलं. टोपी कानांवर ओढ, तळ्यावर काठ्या रोवल्यात त्यांच्या आतच चाल, भोकात एकटा कधी उतरू नकोस.

"आणि दोन वाफा आपल्या," तो म्हणाला. "तिसरी घ्यायची नाही."

"मग ती कोणाची?"

"गेलेल्यांची."

भुतांनाही घाम येतो होय, असं म्हणून कॉलिन हसला. तौनो हसला नाही. दोन वाफा झाल्यावर त्यानं पाहुण्याला बाहेर काढलं, भट्टीवरच्या तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं आणि दार ओढून घेतलं. दर शनिवारी तो असंच करायचा. कोणासाठी, ते काय वेगळं सांगायला हवं?

रात्री पावणेबाराला त्याला जाग आली. बाहेर उणे एकतीस. सौनाच्या खिडकीत उजेड होता. पाहुणा आणखी एकदा गेला होता. एकटा.

तौनो धावला. आत ऊब होती, माणूस नव्हतं. दगडांवरचं पाणी सुकलेलं. बाहेर बर्फात अनवाणी पावलं... तळ्याकडे. भोकापर्यंत.

परतीची नव्हती.

पाणी काळं. हलत नव्हतं.

त्यानं हाक मारली. पुन्हा मारली...

काही नाही.

"मला भीतीसुद्धा वाटली नाही," तो मला म्हणाला. "काहीच वाटलं नाही. त्याचीच लाज वाटते."

मग मागे दात वाजले. सौनाच्या पायरीवर कॉलिन बसला होता. ओलाचिंब, निळा. तौनोनं त्याला कोटात गुंडाळलं आणि घरात चुलीपाशी आणलं. बऱ्याच वेळानं त्याला वाचा फुटली. ती तिसरी वाफही घेऊन तो भोकाकडे गेला होता, पाय घसरून बर्फाखाली गेला, भोक सापडेना.

"त्या बाईंना घरात घेतलंत ना?"

"कोण बाई?"

"ज्यांनी मला खालून वर ढकललं. पायरीपर्यंत उचलून आणलं. फार कुडकुडत होत्या हो... मी म्हटलं, आत चला."

"मग?"

"म्हणाल्या, आज माझ्यासाठी वाफच उरली नाही."

तौनो उठला. सौनात जाऊन भट्टीत लाकडं घातली. दगड लाल होईतो थांबला. पळ्यांमागून पळ्या पाणी ओतलं. "ऐली, ये," म्हणाला. दार ओढलं. मागे पाहिलं नाही.

सकाळी कॉलिन झोपलेला असताना तो एकटाच पाहायला गेला. भट्टी केव्हाच विझली होती. बादलीतल्या पाण्याचा दगड झालेला. भिंतींवर, फळ्यांवर पांढरं हिव.

फक्त वरच्या फळीवर, कोपऱ्यात, एक माणूस बसेल एवढी जागा ओली होती. तिथे हिव नव्हतं. तौनोनं तळहात टेकवला, आणि त्या मार्चपासून पहिल्यांदा तो रडला. हात उचलवेना त्याला.

लाकूड कोमट होतं.