खाबुऱ्याची कॅसेट

मस्कतच्या हमरिया भागातली ती खोली पहिल्यांदा बघितली तेव्हा प्रफुल्ल म्हणाला होता, "याला संग्रहालय म्हणायचं? माझी बायको इथे कांदेसुद्धा ठेवणार नाही." खोली एका शिंप्याच्या दुकानावर होती आणि खिडकी उघडली की खालच्या हॉटेलातला मसाल्याचा वास थेट आत येई. तरी वर्षभरात त्याने आणि त्याच्यासारखीच हौस असलेल्या त्याच्या मैत्रिणीने, प्रणालीने, तिचं रूप पालटून टाकलं होतं. भिंतीला लोखंडी रॅक लागले, कोपऱ्यात दमटपणा ओढून घेणारं यंत्र आलं, आणि एसी बंद करायचा नाही अशी पाटी प्रफुल्लने स्वतः तीन भाषांत लिहून चिकटवली.

ओमानला नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसांचा इतिहास कुठल्या विद्यापीठाने लिहिलेला नव्हता. तो जमवला होता हौशी मंडळींनी, नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात हिंडून. कोणी रुवीतल्या दुकानांच्या पाट्यांचे फोटो काढत बसलं होतं, कोणी जुन्या आंबेडकर जयंत्यांची चित्रफीत केली होती. असा माणूस निवृत्त होऊन गावी निघाला, की घर आवरताना पहिल्यांदा कचऱ्यात जाई ती हीच पुंजी. प्रणालीचा जीव त्याने कासावीस व्हायचा. बौशरच्या एका कंपनीत ती स्ट्रक्चरल इंजिनियर होती. भिंतीला तडा गेला तर तो का गेला हे शोधून काढणं तिचं रोजचं काम. 'उगाच' हा शब्द तिला मुळीच चालत नसे.

रविकांत गजभियेंचा संग्रह मिळाला त्या दिवशी ती अक्षरशः नाचायची बाकी होती. रविकांतकाका पेशाने सर्व्हेयर. मस्कतपासून पार बातिनाच्या किनाऱ्यापर्यंत जिथे जिथे कंपनीने पाठवलं तिथे तिथे त्यांनी टेपरेकॉर्डर नेला आणि आपल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. ते वारले, आणि त्यांच्या पत्नी किशोरीकाकू नागपूरला कायमच्या परत निघाल्या. जाण्याआधी त्यांनी कॅसेटची खोकी आणि एक घडीची लोखंडी खुर्ची स्वतः वर आणून दिली.

"जय भीम, काकू. खुर्ची पण?" प्रणालीने विचारलं.

"घ्या. कॅसेटबरोबरचीच आहे ती." काकू हसल्या. "सगळीकडे गाडीच्या डिकीत टाकून न्यायचे. लोक चेष्टा करायचे. मुलाखत झाली की हे सगळ्यांना खोलीबाहेर काढायचे, रेकॉर्डर चालूच, आणि समोर ही रिकामी खुर्ची. म्हणायचे, बोलणाऱ्याचं बोलून झालं, आता ज्याचं राहून गेलं असेल त्याने बोलावं."

"मग? बोलायचं का कोणी?" प्रफुल्लने डोळे मिचकावत विचारलं.

"मला काय ठाऊक? मी बाहेर सगळ्यांच्या चहाचं बघत असायची."

त्याच संध्याकाळी खोकी उपसताना प्रणालीच्या हाताला ती कॅसेट लागली. डबीवर काकांच्या टोकदार अक्षरात लिहिलं होतं: खाबुरा, शिवराम.

ती होती तिथेच फरशीवर बसली. शिवराम तिच्या बाबांचं नाव. बातिनाच्या किनाऱ्यावरच्या खाबुरा गावी बागांमधले पाण्याचे पंप दुरुस्त करायला ते आले होते आणि प्रणाली आईच्या पोटात असताना एका पावसात वादीला, म्हणजे तिथल्या एरवी कोरड्या ओढ्याला, लोंढा आला, त्यात वाहून गेले. घरात त्यांचे दोन फोटो होते. आवाज कुठेच नव्हता. लहानपणी ती आईला पुन्हा पुन्हा विचारायची, बाबांचा आवाज कसा होता, आणि आई दरवेळी म्हणायची, "तो सांगता येतो का गं?"

आणि आता घाईही होती. अकोल्याला आईचा डावा कान पुरता गेला होता, आणि उजवा थंडीपर्यंत टिकला तर नशीब, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिने लगेच फोन लावला. आईचा फोन साधा, बटणांचा. दुसरा तिला झेपत नसे.

"आई, बाबांची कॅसेट सापडली!"

"काय? मोठ्यांदा बोल!"

"बाबांची! कॅसेट! आवाज!"

मग आई म्हणाली, "मला ऐकव." एवढंच.

पण ऐकवणार कसं? आतली फीत बुरशीने चिकटली होती. ती तशीच लावली असती तर तुटून गेली असती. प्रणालीने ती सुकवायला ठेवली, नव्या कवचात बसवायचं ठरवलं, आणि तोवर बाकीच्या कॅसेट टेपडेकवर वाजवून संगणकात उतरवायला घेतल्या. प्रफुल्लने एक सॉफ्टवेअर आणलं होतं. माणूस बोलत असेल तिथे हिरवी रेघ, शांतता असेल तिथे करडी, आणि करडा भाग ते आपोआप कापून टाकी. जागा वाचायची. प्रफुल्ल डोंबिवलीचा, वाया जाणारी जागा त्याला बघवत नसे.

पहिल्या कॅसेटला मुलाखत संपली, काकांचा आवाज आला, "चला, आपण बाहेर बसू," दार लागलं. हिरवी रेघ मात्र चालूच राहिली.

"टेपची खरखर असेल," प्रफुल्ल म्हणाला. "थांब, सेटिंग कडक करतो."

त्याने सेटिंग कडक केलं. रेघ हिरवीच. दुसऱ्या कॅसेटला तेच, तिसऱ्या कॅसेटला तेच. माणसांनी बोलताना मध्ये घेतलेले श्वास सॉफ्टवेअर बिनदिक्कत कापत होतं, पण शेवटच्या रिकाम्या खोलीतला कणभर भागही त्याने कापला नाही.

प्रणालीने हेडफोन लावून त्या शांतता ऐकल्या. आधी काहीच नाही. पंख्याची घरघर, लांब कुठेतरी कावळा. मग, दार लागल्यावर थोड्या वेळाने, खुर्ची करकरल्याचा आवाज. कोणी तरी सावकाश टेकून बसावं तसा. प्रत्येक कॅसेटवर. लोखंड आहे, माणसं उठून गेली की आपसूक सैल होत असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण छाती धडधडत होती, आणि खरं सांगायचं तर त्या धडधडीत भीती थोडी आणि मजाच जास्त होती. ऑफिसात बसल्या बसल्या तिला सुट्टीचा शुक्रवार कधी येतो असं व्हायचं.

पुढच्या शुक्रवारी रुवीच्या एका फोटोवाल्या गृहस्थांचा संग्रह आला. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. प्रफुल्लने खोकी टेबलाखाली सारली, खिडकीत रचली, उरलेली काकांच्या खुर्चीवर चढवली.

"अरे, ती खुर्ची संग्रहातली आहे," प्रणाली म्हणाली.

"यादीत टाकली आहेस का? नाही ना? मग सध्या ती फर्निचर." त्याने हात झटकले. "यल्ला, कामाला लागू."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. तिने पुढची कॅसेट लावली. मुलाखत, चला बाहेर बसू, दार. ती कान देऊन करकरण्याची वाट बघत राहिली. करकर आलीच नाही. त्याऐवजी पावलं ऐकू आली. दोन पावलं इकडे, थांबणं, दोन पावलं तिकडे. बसायला जागा शोधणाऱ्या माणसाची असतात तशी.

वेगळी खोली असेल, वेगळी फरशी असेल. तिने खात्री करायला पहिली कॅसेट पुन्हा काढली. तिच्यातली करकर तिने स्वतः, या कानांनी ऐकली होती.

पहिल्या कॅसेटवरही आता पावलंच होती.

"प्रफुल्ल, हे ऐक."

त्याने ऐकलं. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा जरा ओसरली. "डेकचा बेल्ट सैल झाला असेल," तो म्हणाला, आणि मग त्याने बेल्टकडे बघितलंसुद्धा नाही.

शिवरामची फीत त्याच दिवशी नव्या कवचात बसली. प्रणालीने ती चिमट्याने तसूतसू ओढून घेतली. लग्नाच्या दिवशीही ती एवढी उतावीळ नव्हती. तिने कॅसेट डेकमध्ये घातली, बटण दाबलं. प्रफुल्ल शेजारी उभा राहिला.

खरखर. मग रविकांतकाकांचा आवाज, तरुण आणि थकलेला.

"खाबुरा. शिवरामची खोली. मला यायला उशीर झाला. वादीला पाणी आलं त्याला आठवडा होऊन गेला. सामान बांधलं आहे, पत्ता अकोल्याचा आहे. खुर्ची ठेवतोय. मी बाहेर बसतो."

दार लागलं.

पुढे काहीच नाही. पंखा. समुद्रावरचा वारा.

प्रणालीला रडू कोसळलं. काकांनी बाबांना कधी बघितलंच नव्हतं. मुलाखत झालीच नव्हती. साऱ्या कॅसेटभर होती ती फक्त मागे राहिलेली खोली, आणि तिकडे अकोल्यात आई उजवा कान फोनकडे लावून बसली होती.

"मी कडक चहा घेऊन येतो," प्रफुल्ल हळूच म्हणाला आणि खाली गेला. बिचाऱ्याला दुसरं काही सुचलं नसावं.

तिने डोळे पुसले, फीत मागे घेतली आणि आईला फोन लावला. खोटं बोलायचं नाही असं ठरवून.

"आई, त्यात बाबा नाहीत गं. त्यांची नुसती खोली आहे. रिकामी."

"मोठ्यांदा!"

"रिकामी खोली! आवाज नाही!"

आई म्हणाली, "लाव तरी. ज्या खोलीत राहिले तिचा वारा तरी ऐकू दे."

प्रणालीने फोन डेकच्या स्पीकरजवळ धरला आणि बटण दाबलं. काकांचं बोलणं झालं. दार लागलं. पंखा. वारा.

आणि मग पावलं. दोन इकडे, दोन तिकडे.

पडद्यावरची रेघ हिरवीगार होती.

तिने जरा थांबून फोन कानाला लावला. "ऐकलंस ना आई? बंद करू?"

"थांब." आईचा आवाज बदलला होता. फोनवर ती नेहमी ओरडून बोले. आता ती हळू बोलत होती, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावं तशी. "बंद करू नकोस. बोलतायत ते."

"कोण, आई?"

आईचं तिच्याकडे लक्ष नव्हतं.

"हो," आई म्हणाली. "हो, जेवले मी."

पंखा फिरत होता. प्रणालीने स्पीकरला कान लावला. वाऱ्याखेरीज तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"मुलगी," आई म्हणाली. "पंचमीची. हो, तुमच्यासारखंच नाक." आणि ती हसली. आईला असं हसताना प्रणालीने जन्मात ऐकलं नव्हतं.

प्रणालीचा हात डेकच्या बटणाकडे जाईना.

"आई," ती कशीबशी म्हणाली. "आवाज कसा आहे?"

हा प्रश्न तिने ओरडून विचारला नव्हता. तरी आईला तो ऐकू गेला.

"तुझ्यासारखाच आहे गं. रागावल्यावर तू बोलतेस ना, तसाच."

"रागावलेत?"

"रागावले नाहीत. दमलेत." आई थांबली. काहीतरी नीट ऐकून घेत असावी. "ते विचारतायत, त्या खुर्चीवर खोकी कोणी ठेवली? केव्हाचे उभे आहेत म्हणे."

खुर्चीचं प्रणालीने आईला कधी काही सांगितलं नव्हतं.

ती वळली. दारात प्रफुल्ल उभा होता, दोन्ही हातांत चहाचे कप. फोनचा आवाज मोठा होता; त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने एका शब्दाची थट्टा केली नाही. कप रॅकवर ठेवले आणि एकेक खोकं उचलून खाली ठेवायला सुरुवात केली. प्रणाली जागची हलली नाही.

शेवटचं खोकं उतरलं.

डेकमध्ये, त्या जुन्या वाऱ्यात, खुर्ची करकरली.

"हं," अकोल्याहून आई म्हणाली. "बसले आता."