एका बोटाखाली

‘मुलांना रोज एकाच ठिपक्यावर बोट ठेवू देऊ नका. ओळख होते,’ असं शाळेतल्या नकाशाचं काम बघणाऱ्या डॉ. नीलांबरी खरात पालकसभेत म्हणाल्या होत्या. शलाकाने ते हसण्यावारी नेलं. नकाशाशी कसली ओळख?

नाशिकच्या त्या शाळेत दुसरीपासूनच भूकनकाशा होता. जगातली विषमता मुलांना आकड्यांनी कळत नाही, पोटाने कळते, ही त्यामागची कल्पना. पोट आणि मेंदू जोडणाऱ्या मज्जातंतूची एक फांदी कानापर्यंत येते. तिथे चिमटी लावली की एकाची भूक टिपून दुसऱ्याच्या शरीरात उमटवता येते. गरीब वस्त्यांतल्या काही मुलांच्या कानात टिपणारी चिमटी असे. नकाशावर त्यांचे ठिपके. वर्गातल्या मुलांनी आपल्या कानाला चिमटी लावून ठिपक्यावर बोट ठेवायचं, मिनिटभर भूक सोसायची, मग डबा खायचा.

शलाकाच्या सात वर्षांच्या इराने शाळेने घरी दिलेल्या भिंतभर नकाशावर एकच ठिपका धरून ठेवला होता. “ती आज थोडं जेवली,” असं येऊन सांगायची.

मंगळवारी मात्र ती ताटावर बसेना. “आई, तिची भूक थांबली.”

“जेवली असेल, बाळा.”

“जेवल्यावर मऊ वाटतं. हे काहीच नाहीये.”

शलाकाने डॉ. खरातांना फोन लावला.

“इराला दुसरा ठिपका देते,” त्या म्हणाल्या.

“रिमोटचा सेल आहे का तो, मॅडम? कुणाला तरी बघायला पाठवा.”

“पत्ते आम्ही ठेवत नाही. गोपनीयतेचा नियम आहे.”

“भूक घेताना कुठे होता तो नियम? निदान भाकरी तरी पाठवायची.”

“जेवण दिलं की नोंदी बदलतात, नकाशा खोटा ठरतो. आम्ही कुणाला उपाशी ठेवलं नाही, शलाकाताई. फक्त मोजलं.”

“आणि आमच्या पोरींनी त्यावर मार्क मिळवले. देश तरी सांगा.”

“तुम्ही पाहिलाच नाहीत?”

नव्हता पाहिला. शाळेत आपला देश शेवटच्या सत्रात घेत आणि आत्ता कुठे पहिलं सत्र चालू होतं, म्हणून शलाकाने तो ठिपका आफ्रिकेतला धरला होता. तिने इराला बोट ठेवायला सांगितलं आणि वाकून बघितलं. त्या नकाशावर लहान बोटाखाली अख्खा जिल्हा मावतो. इराच्या बोटाखाली नाशिक होतं, शाळा होती, त्यांची सोसायटी होती. आणि ती.

शलाका कालपासून एकेक वस्ती धुंडाळते आहे. एकटीने जिल्हा होत नाही. तुम्ही इथलेच असाल, तर उठा आणि तुमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीपलीकडे जाऊन या. मूल लहान असेल. मुलगी की मुलगा माहीत नाही, इरा ‘ती’ म्हणते. कानात चंदेरी चिमटी. सोबत खायला न्या. पण आधी हाक मारून बघा.